चित्त्याच्या टोपीचं माप

आफ्रिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो सिंहाबद्दल विचारतो. सिंह पाहिले, सहा पाहिले, सहाही झोपलेले होते. त्यांच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. आम्ही गेलो होतो चित्त्यासाठी, आणि तोही नुसता पाहायला नव्हे. माझ्या सासूबाईंना त्याच्या डोक्याचं माप हवं होतं.

मांबळम

मी साताऱ्याची. लग्न होऊन मद्रासच्या मांबळममध्ये आले तेव्हा सासरची मराठी मला निम्मी कळत नसे. ही माणसं तंजावरची. त्यांच्या बोलण्यात माझ्या पणजीचे शब्द असत आणि वर तमिळचा हेल. आता पंचवीस वर्षांनंतर मीही ‘सगळे’च्या ऐवजी ‘असकीं’ म्हणते आणि साताऱ्याला गेले की भाचरं हसतात.

सासूबाईंचं माहेरही तंजावरचंच. त्यांचे खापरपणजोबा राजाच्या पदरी चित्ते सांभाळत, असं त्या घरात सांगत आले आहेत. पूर्वी शिकारीला पाळीव चित्ते नेत. गाडीवर बसवलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी बांधलेली असे आणि हरिण टप्प्यात आलं की ती काढत. त्यातली एक टोपी सासूबाई लग्नात बरोबर घेऊन आल्या. काळपट कातडं, डोळ्यांच्या जागी फुगवटे, मागे बांधायला दोन वाद्या आणि कपाळावर मखमलीचा तुकडा, जो कधी काळी लाल असावा. सगळी मिळून माझ्या पसरलेल्या पंजाएवढी.

घोटाळा तोच होता. टोपी फार लहान होती.

लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी ती कौतुकाने दाखवली तेव्हा त्यांचे दीर म्हणाले, “वहिनी, ही चित्त्याची नव्हे, बोक्याची.” दीर त्या वेळी शाळेत जात होते. पुढे ते शाळेत गणित शिकवायला लागले, निवृत्त झाले, आमच्याच मागच्या गल्लीत राहायला आले, पण वाक्य बदललं नाही. दिवाळी असो, बारसं असो, हे आमचे काका विचारणारच, “काय वहिनी, बोकोबा बरे आहेत?” सासूबाई उत्तर देत नसत. टोपी मात्र देवघराखालच्या पेटीत असे आणि दर दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे. खरं सांगायचं तर मीही पंचवीस वर्षं गालातल्या गालात हसतच होते. मी एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे. वस्तू आणि तिचं लेबल जुळत नसलं की मला लगेच दिसतं.

माझी नणंद शांता नवऱ्याच्या नोकरीमुळे नैरोबीत होती. तिचं पत्र आलं की सासूबाईच वाचत, कारण शांता मराठी लिहिते पण तमिळ अक्षरांत. त्या जूनमध्ये तिने लिहिलं की डिसेंबरात ह्यांची मुदत संपते, मग आम्ही परत येणार, कुणाला यायचं असेल तर आत्ता या. खाली एक ओळ होती: इथल्या जंगलात चित्ते मोकळे फिरतात.

सासूबाईंनी पत्राची घडी घातली. “सुमती,” मला म्हणाल्या, “पासपोर्ट काढायास किती दिवस लागतात?”

वय एकाहत्तर. तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास तिरुपती.

वंडलूर

मी कुठलंही काम तालीम केल्याशिवाय करत नाही. तांबरमच्या पुढे वंडलूरला नवं प्राणिसंग्रहालय होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एका रविवारी लोकलने तांबरम आणि तिथून बसने आम्ही तिघं तिकडे गेलो. तिघं म्हणजे सासूबाई, मी आणि न बोलावता आलेले काका. माझे यजमान बँकेत आहेत; त्यांच्याकडे इन्स्पेक्शन चालू होतं आणि ते पुढे चार महिने चालूच राहिलं.

मला पाहायचं होतं की सासूबाई किती चालतात, उन्हात किती टिकतात, दुर्बीण डोळ्याला लावून काही दिसतं का. त्या तिन्हींत पास झाल्या. मात्र बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर त्यांनी पिशवीतून टोपी काढली आणि हात लांब करून त्याच्या तोंडासमोर धरली. बिबट्याचं डोकं चांगलं घमेल्याएवढं. टोपी त्याच्या नाकावर बसली असती, फार तर.

काका कठड्याला धरून हसत सुटले. “वहिनी, एका डोळ्यावर घाला. दुसऱ्यासाठी जोडी शिवून घेऊ.”

रखवालदार धावत आला आणि तमिळमध्ये म्हणाला, “पाटी,” म्हणजे आजी, “जनावराला काही दाखवायचं नाही.”

सासूबाई टोपी पिशवीत ठेवत म्हणाल्या, “हा बिबट्या. चित्ता निराळा.”

“निराळा म्हणजे?”

“निराळा म्हणजे निराळा, भावजी. तुम्हीं पाहिलाय?”

काकांनी पाहिला नव्हता. आपल्या देशात चित्ता उरलेलाच नाही, त्यामुळे आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. परतीच्या लोकलमध्ये सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पल्लावरम आलं तेव्हा माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “मोठा निघाला डोकीनें, तर टोपी तिथेंच टाकून येईन. पुन्हां दसऱ्याला पेटींतून काढायची नाहीं.”

तोवर मी या प्रवासाकडे शांताला भेटण्याचं निमित्त म्हणून पाहत होते. त्या वाक्यानंतर मी वही काढली.

वही

जाणार असाल तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. पिवळ्या तापाची लस आधी घ्यावी लागते, आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टइतकंच जपावं लागतं. हिवतापाच्या गोळ्या निघण्याआधीपासून सुरू करायच्या. कपडे मातकट रंगाचे न्यावेत असं शांताने कळवलं होतं. सासूबाईंकडे मातकट रंगाची साडी नव्हती; मरून, हिरवी आणि मोरपंखी होती. “चित्त्याला आमचीं वस्त्रें ठाऊक आहेत,” त्या म्हणाल्या. राजाच्या पदरचे चित्ते जरीकाठ बघतच मोठे झाले असणार, हे मला नाकारता आलं नाही.

तिथे ऑगस्टात थंडी असते, यावर मद्रासमध्ये कुणाचा विश्वास बसेना. मांबळमच्या रंगनाथन रस्त्यावर भर उकाड्यात मी दोन माकडटोप्या मागितल्या तर दुकानदाराने “ऊटीला का?” असं विचारलं. आफ्रिकेला म्हटल्यावर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला.

खाण्याचं खातं सासूबाईंकडे. चिंचेचा कोळ तेलात आटवून केलेलं पुळीकाच्चल एक बरणी, इडलीबरोबर तुपात कालवून खायची तिखट पोडी दोन पाकिटं, डांगराचं पीठ, मेतकूट माझ्यासाठी. आणि मैलापूरच्या दुकानातून आणलेलं पंचांग.

ते पंचांग मी त्याच वेळी सामानातून काढायला हवं होतं.

मद्रासमध्ये राहिलेल्यांना राहुकाल सांगायला नको. इतरांसाठी: रोज दिवसातला दीड तास राहूचा असतो, दर वाराला वेगळा, आणि त्या वेळात कुठल्याही कामाला निघायचं नाही. आधीच निघालेलं असाल तर चालतं. निघायचं नाही, एवढंच. मद्रासचे डॉक्टर-इंजिनियरसुद्धा हे पाळतात. साताऱ्याला आम्ही अमावास्या टाळतो आणि बाकी एस.टी. येईल तेव्हा निघतो. पंचवीस वर्षांत मी याच्याशी जमवून घेतलं होतं. फक्त राहू परदेशी येतो का, याचा विचार केला नव्हता.

विमानतळावर काका आले होते. त्यांनी सासूबाईंच्या हातात शिंप्याची टेप ठेवली, गुंडाळून रबर लावलेली. “वहिनी, मोजून आणा. अंदाजे नको.”

सासूबाईंनी ती टोपीच्याच डबीत ठेवली.

नैरोबी

मुंबईवरून गेलो. विमानातलं सांगत नाही. सगळी विमानं सारखीच.

शांताकडे दोन दिवस राहिलो. तिच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी आम्हाला उगाली करून घातली. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, बरोबर चिरलेल्या पाल्याची भाजी. तांदळाच्या उकडीची दणकट बहीण म्हणायला हरकत नाही. सासूबाईंनी एक घास घेतला, विचार केला, बरणी उघडली आणि उगालीत चमचाभर पुळीकाच्चल कालवलं. त्या बाईंनीही घेतलं. दुसऱ्या दिवशी बरणी चार बोटं खाली गेलेली होती आणि दोघी एकमेकींची भाषा न जाणता छान बोलत होत्या.

शांताने घड्याळांचं सांगितलं. “आई, अडीच तास मागें करा.”

सासूबाईंनी मनगट पदराखाली घेतलं. “मुलाने घेऊन दिलेलें घड्याळ आहे. मद्रासची वेळ दाखवतें. दाखवूं दे.”

त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

आंबोसेली, गुरुवार

जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडं येतात. आंबोसेली म्हणजे पिठासारख्या करड्या धुळीचं सपाट मैदान, मधेमधे दलदलीची हिरवी पट्टी, आणि एका कडेला ढगांत लपलेला किलिमांजारो. तो फक्त पहाटे आणि संध्याकाळी तोंड दाखवतो. उतरायला कुंपण घातलेली कौलारू खोपटांची जागा होती, स्वच्छ आणि पाणी गरम.

शांताने आम्हा दोघींसाठी ठरवून दिलेला ड्रायव्हर मुतुआ पन्नाशीचा, उंच, बोलायला सावकाश. गाडी जुनी लँडरोव्हर, बॉनेटवर स्टेपनी बसवलेली. मोठ्या बाईला तिथे मानाने ‘मामा’ म्हणतात. मुतुआने तशी हाक मारल्यावर सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, मग मला म्हणाल्या, “म्हणूं दे. मला भाऊ नाहींतच.”

संध्याकाळच्या फेरीत हत्ती पाहिले, चाळीसेक, दलदलीत पोटापर्यंत उतरलेले. आपल्या देवळातले हत्ती पाहिलेल्या माणसाला त्यांचे कान बघून वाटतं, हे कान सुपाएवढे नव्हेत, दाराएवढे. सासूबाईंनी हात जोडले. मग मुतुआकडे झुकून स्पष्ट मराठीत विचारलं, “चित्ता कुठें?”

मी इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, “दुमा. उद्या सकाळी.” दुमा म्हणजे त्यांच्या भाषेत चित्ता. मग समजावलं की फाटक त्यांच्या हिशेबाने साडेबाराला उघडतं. मी चमकले. तो हसला. त्यांच्याकडे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक. साडेबारा म्हणजे आपले सकाळचे साडेसहा.

हे सासूबाईंना सांगितलं तर त्या फार खूश झाल्या. “याला पंचांग कळतें.”

शुक्रवार

साडेसहाला निघालो. माकडटोप्या घालून आम्ही दोघी बँक लुटायला निघाल्यासारख्या दिसत होतो. सातच्या सुमारास मुतुआने गाडी थांबवली आणि क्षितिजाकडे बोट दाखवलं. दुर्बिणीतून दिसला: पिवळ्या गवतात एक पिवळा ठिपका, वर आणखी लहान ठिपका. तो दुमा.

“डोकें कितीं?” सासूबाईंनी विचारलं.

“राईएवढं,” मी म्हटलं, कारण तेवढंच दिसत होतं.

रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, तसा नियम आहे. ठिपका उठला आणि गवतात गेला. आम्ही नाश्त्याला परतलो. तिथे एका माकडाने टेबलावरून पोडीचं पाकीट उचललं, छपरावर नेलं, फोडलं आणि तोंड घातलं. पुढची दहा मिनिटं छप्पर शिंकत होतं. सासूबाई म्हणाल्या, “तूप घेतलें नाहीं त्याने.”

इतक्यात मुतुआ धावत आला. सावकाश बोलणारा माणूस धावत आला, म्हणजे काहीतरी होतं. दुमा रस्त्याला लागूनच बसली आहे, मैलभरावर, आत्ता चला. मी उठले, दुर्बीण गळ्यात घातली, पिशवी घेतली. मागे वळून पाहते तर सासूबाई खुर्चीतच.

“चला ना.”

त्यांनी पदराखालून मनगट काढलं. “पावणेअकरा. शुक्रवार. साडेदहा ते बारा राहुकाल.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ वाजले होते.

“सासूबाई, पावणेअकरा मद्रासला वाजलेत.”

“पंचांग मद्रासचेंच आहे.”

“राहुकाल सूर्योदयापासून मोजतात. सूर्य इथला. म्हणजे इथे राहुकाल इथल्या साडेदहाला लागणार. आत्ता काही नाही.”

त्यांनी विचार केला. मला वाटलं जिंकले. “म्हणजे इथें दोन आहेत,” त्या म्हणाल्या. “एक आपला बरोबर आलेला, एक इथला. दोन्हीं पाळावे.”

मुतुआ एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मी त्याला इंग्रजीत कारण सांगितलं. सांगताना मला जेवढी लाज वाटली तेवढं आश्चर्य त्याला वाटलं नाही. त्याची आजी, म्हणाला, विशिष्ट पक्षी डाव्या हाताला ओरडला की शेतावर जात नसे.

साडेनऊला मद्रासचा शुक्रवार मोकळा झाला आणि आम्ही निघालो. रस्त्याच्या कडेला फक्त दबलेलं गवत होतं.

शेजारच्या खोपटातलं जर्मन जोडपं मात्र वेळेवर गेलं होतं. जेवताना ते गृहस्थ रंगून सांगत होते. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. “विचार. डोकें कितीं होतें?”

मी विचारलं. त्यांनी दोन्ही हात वर घेतले, थोडे फाकवले, बायकोकडे पाहिलं, आणखी फाकवले. चांगल्या लाल भोपळ्याएवढं.

सासूबाईंनी पानात हात धुतला. जेवण अर्धं राहिलं होतं. दुपारभर त्या खोपटाच्या पायरीवर बसून होत्या, मांडीवर डबी. किलिमांजारोवर ढग होते.

“भावजी खरेंच म्हणत असतील,” त्या म्हणाल्या. “बोक्याचीच असेल. माझ्या आजोबांना कुणीं सांगितलें, त्यांनीं बाबांना सांगितलें. पाहिला कुणीं?”

पंचवीस वर्षांत काकांचं म्हणणं त्यांनी मान्य केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही. जर्मन गृहस्थांच्या हातांवरून एवढा निकाल लावायचा, तर माझ्या स्टोअर्समध्ये एक खिळासुद्धा टिकला नसता.

मी वही काढली. उद्या शनिवार, शेवटची सकाळ. मद्रासचा राहू इथल्या साडेसहा ते आठ. इथला राहू नऊ ते साडेदहा. मधल्या तासात सामान भरून नैरोबीला निघायला हवं होतं. फेरीला निघायचं तर साडेसहाच्या आत, आणि फाटक साडेसहाला उघडतं. दोन्ही राहूंनी आम्हाला व्यवस्थित कोंडलं होतं.

मग मला माझी आजी आठवली. तिला पुण्याला जायचं असे आणि दिवस वाईट असला की ती आदल्या दिवशी शेजारच्या घरी गाठोडं नेऊन ठेवी. त्याला प्रस्थान म्हणतात. आपली वस्तू चांगल्या वेळी वेशीबाहेर गेली की आपण निघालोच. दुसऱ्या दिवशी कुठल्याही वेळेला तिच्यामागून जायचं.

“सासूबाई, तुमच्याकडे प्रस्थान ठेवतात?”

त्यांनी मान वर केली. “ठेवतात कीं. तंजावरांत असकीं ठेवायचीं.”

“मग आत्ता ठेवू. मुतुआची गाडी कुंपणाबाहेर असते.”

त्या लगबगीने उठल्या आणि मूठभर तांदूळ नि सुपारी शोधायला लागल्या. मी म्हटलं, “तांदूळ नकोत. ज्याच्यामागे तुम्ही नक्की जाल ते ठेवा.”

त्यांना कळलं. डबी त्यांनी छातीशी धरली. लग्नापासून ती टोपी त्यांच्या छपराखालून एकटी बाहेर गेली नव्हती. बऱ्याच वेळाने त्यांनी झाकण काढलं, टेप डबीत राहू दिली आणि टोपी माझ्या हातात दिली. “त्याला सांग, खालीं ठेवूं नकोस.”

सूर्य मावळायच्या आत मी टोपी मुतुआला नेऊन दिली आणि खाली ठेवू नको म्हणून सांगितलं. बाकीचं सांगायला हवं होतं, ते राहिलं.

शनिवार

साडेसहा. मद्रासमध्ये नऊ वाजले, राहूला सुरुवात झाली, आणि सासूबाई माझ्याआधी गाडीत चढल्या. मागे बसायचं नाकारून त्या पुढे मुतुआशेजारी बसल्या. “टोपी?”

मुतुआने खाली बोट दाखवलं. टोपी गिअरच्या दांड्यावर घातलेली होती, वाद्या नीट बांधून. खाली ठेवू नको म्हटलं होतं, म्हणून त्याने ती वर ठेवली होती. शिवाय वाद्या आवळल्यावर त्या मुठीवर ती इतकी चपखल बसली की त्याला वाटलं, मामाने खास गाडीसाठी भेट आणली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “राजाच्या चित्त्याची टोपी, आणि हा गिअरला घालतो.”

“निदान काहीतरी मापाचं मिळालं तिला,” मी म्हटलं. ते बोलायला नको होतं. त्या पुढे बघत राहिल्या.

किलिमांजारो पूर्ण उघडा होता, शेंड्यावर बर्फ. झेब्रे, रानम्हशी, काठीसारख्या मानेचं हरिण. सात वाजले. सव्वासात. मुतुआने वळणावर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि एक बोट वर केलं.

ती समोरून रस्त्यानेच येत होती. पातळ कंबर, लांब पाय, चालताना खांदे वरखाली. गाडीपाशी आली, चाकाचा वास घेतला आणि आम्हाला काही न विचारता उडी मारून बॉनेटवर चढली. स्टेपनीवर बसली आणि पाठ आमच्याकडे करून मैदान न्याहाळायला लागली. तिला उंच जागा हवी होती. आम्ही कोण याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

मुतुआ कुजबुजला, “हलू नका. नेहमीची आहे ही.”

मी मागच्या सीटवर. कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता. मी तो तयार ठेवला आणि त्या डोक्याकडे पाहिलं. वंडलूरच्या बिबट्याशी त्याचं काही नातं नव्हतं. एवढ्या लांब अंगावर ते डोकं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी चुकून बसवल्यासारखं. नारळाएवढं. मोठ्या नारळाएवढं म्हणा फार तर.

सासूबाई हललेल्या नव्हत्या. फक्त त्यांचा उजवा हात गिअरकडे गेला. वाद्यांची गाठ त्यांनी न बघता सोडली.

तेवढ्यात चित्तीण वळली. काचेच्या आत मोरपंखी रंगाचं काहीतरी आहे हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने मान खाली घातली आणि नाक थेट काचेला लावलं, सासूबाईंच्या समोर. डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा, काजळ ओघळल्यासारख्या. काचेवर श्वासाची वाफ धरली.

सासूबाईंनी टोपी दोन्ही हातांनी उचलली आणि आतून काचेला टेकवली. फुगवटे डोळ्यांवर आले. मखमल कपाळावर आली. खालची कड गालांशी संपली. दोन्ही बाजूंना फक्त गोल कान राहिले.

मी बटण दाबलं.

त्या आवाजाने ती दचकली नाही. कंटाळली, बहुतेक. पुन्हा पाठ फिरवून बसली आणि पाच-सात मिनिटांनी उतरून गवतात गेली. काचेवर नाकाचा ओला ठसा राहिला. मुतुआने श्वास सोडला. सासूबाई टोपी हातात धरून बसल्या होत्या. त्या रडतील अशी मला भीती वाटली, कारण अशा वेळी काय करायचं ते मला कळत नाही.

“सुमती,” त्या म्हणाल्या, “त्या जर्मनाला सांगून ये. भोपळा नव्हे.”

आम्ही साडेआठला नैरोबीला निघालो, दोन्ही राहूंच्या मधून.

परत मांबळम

फिल्म धुऊन आली त्या संध्याकाळी काका हजर होते. सासूबाईंनी आधी त्यांची टेप परत केली, रबरासकट. “लागली नाहीं.”

मग फोटो दिला. काकांनी तो खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला, भिंग मागवलं. फोटोत सासूबाईंची पाठ आहे, मोरपंखी पदर आहे, काचेवर टोपी आहे, टोपीच्या बाजूंनी दोन कान आणि खाली ठिपक्यांचे पुढचे पाय.

“जवळची वस्तू मोठी दिसते, वहिनी,” गणिताचे मास्तर म्हणाले. “टोपी जवळ, जनावर लांब.”

“मध्यें काच होती. तेवढेंच लांब.”

मी दुजोरा दिला. नाक काचेला लागलं होतं, ठसा मी स्वतः पाहिला, असं सांगितलं. काकांनी भिंग पुन्हा फिरवलं.

“पण चित्ता कुठाय? कानच तेवढे दिसतात. तोंडच दिसत नाही.”

“टोपी बसल्यावर तोंड कसें दिसेल, भावजी?”

कॉफी आली, ती काकांनी घेतली. उठताना फोटो खिशात घातला आणि म्हणाले, दोन दिवसांनी आणून देतो.

त्याला आता पुष्कळ महिने झाले. फोटो त्यांच्या दिवाणखान्यात चौकटीत आहे. परवा मी त्यांनी बघायला नेलेलं पंचांग परत आणायला गेले तर ते गॅसवाल्याला तो दाखवत होते. “आमच्या वहिनींच्या माहेरचा,” सांगत होते. “डोकं लहान असतं त्याचं. लोकांना माहीत नसतं.”